विलासच्या नावाचं फोल्डर

कुठलाही नवा प्रोग्राम तपासायला आला की सुनंदावहिनी आधी कॉम्प्युटरवर एक पाहुणा जन्माला घालत. नवं युजर खातं उघडायचं आणि त्याला नाव द्यायचं, ‘भंडाऱ्याचे मामा’. तेही देवनागरीत, मध्ये मोकळी जागा सोडून. मग त्या खात्यात शिरून प्रोग्राम चालवायचा. चालला तर चहा. नाही चालला तर ऑफिसातल्या पोरांचं जे काही व्हायचं, ते मी खुर्ची ओढून बघत असे. झाडीपट्टीच्या नाटकाला तिकीट लागतं, हे फुकट होतं.

‘मामा आले अन् तुझा प्रोग्राम दारातच मेला,’ त्या म्हणत. ‘काऊन? तर तू त्यात आपल्याच घराचा पत्ता लिवून ठेवला.’

गोष्ट साधी आहे. प्रोग्रामला फायली ठेवायला जागा लागते. आळशी माणूस त्यात स्वतःच्या फोल्डरचा पत्ता, स्वतःच्या नावासकट, कायमचा लिहून टाकतो. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चालतं. दुसऱ्याकडे त्या नावाचं कुणी नसतं, आणि प्रोग्राम आडवा होतो. वहिनींचं म्हणणं ठरलेलं असे, ‘पत्ता लिवू नका, इचारा. कोण बसून राहिला अन् त्याचं फोल्डर कुठं, हे विंडोजले ठाऊक असते.’

आता त्या लेकीकडे रायपूरला असतात. तेव्हा गोंदियात त्यांचं आणि विलासचं छोटं ऑफिस होतं, राइस मिलसाठी प्रोग्राम करायचं. विलास त्यांचा नवरा आणि माझा शाळूसोबती. मी प्रोग्राम बसवायला गावोगाव फिरणारा माणूस. भांडवल म्हणजे एक मोटारसायकल आणि तोंड.

या बाईच्या घरातच सगळ्यात मोठा गुन्हेगार होता. विलासनं वजनकाट्याचा प्रोग्राम लिहिला होता. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन येई, चिठ्ठी निघे. आणि त्यात पत्ता होता विलासच्याच फोल्डरचा. तो दुरुस्त करायचं सोडून हा पठ्ठ्या प्रत्येक मिलमध्ये जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या नावाचं फोल्डर करून यायचा.

‘अवो, जिल्ह्यातल्या एकूण एक मिलमंधी माह्या नावाचं घर हाये,’ तो म्हणायचा. ‘कोण्या आमदाराचं हाये का?’

मामांनी विचारलं, हा विलास कोण, तर काय सांगू, असं वहिनी विचारत. तो म्हणे, जावई म्हणून सांग.

एका दुपारी विलास जेवता जेवता गेला. तेरवीनंतर वहिनी ऑफिसात आल्या, कॉम्प्युटर लावला, मामांचं खातं उघडलं. रडल्या नाहीत. मीही नाही. बोलायला तोंड उघडलं की आत काही नसे.

काट्याच्या प्रोग्रामला मात्र त्यांनी हात लावला नाही. एकदोन ओळींचं काम होतं. नवी मिल आली की मी जाई, विलासच्या नावाचं फोल्डर करी आणि परत येई. करताना काही वाटत नसे.

धानाच्या हंगामात देवरीच्या एका मिलमधून फोन आला. काट्यावर नवीन लागलेल्या मुलीला कॉम्प्युटर साफ करताना अनोळखी माणसाचं फोल्डर दिसलं. तिनं ते काढून टाकलं आणि चिठ्ठ्या बंद पडल्या. मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत गेली होती आणि मालक तिला घरी पाठवायच्या बेतात होता. मी रिसायकल बिनमधून फोल्डर परत आणलं, काटा सुरू केला. ज्यांचा प्रोग्राम आहे त्यांच्याशी बोलायचंय, असं मुलगी म्हणाली. मी वहिनींना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

‘मॅडम, आमच्याकडं विलास नावाचं कोणीच नाही,’ ती म्हणाली. ‘मग मी कसं ओळखायचं?’

पलीकडून वहिनी म्हणाल्या,

‘तुही चूक नाई बाई. कोणीच नाई तिथं. मालकाले फोन दे.’

मालकाला त्यांनी सांगितलं की चूक आमच्या प्रोग्रामची आहे, पोरीला कामावर ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विलासच्या पत्त्याची ती ओळ काढली आणि तिथं विंडोजला विचारणारी ओळ घातली. मी मागे उभा होतो. निदान जुनी फोल्डरं राहू द्या, कुणाचं काय बिघडतं, असं मी म्हणालो.

‘रिकामं घर कायले ठेवायचं, भाऊजी? उद्या दुसऱ्या पोरीची नोकरी जाईल. जुनी वजनं नव्या जागी न्या, उघडून पाहा, मंग काढून टाका.’

मामांच्या खात्यात प्रोग्राम चालला. मग त्या कोपऱ्यातल्या विलासच्या कॉम्प्युटरकडे गेल्या. तो गेल्यापासून मशीन बंदच होतं. पासवर्ड त्यांना माहीत होता. नवा प्रोग्राम त्यांनी तिथं चालवला. प्रोग्रामच्या खिडकीत खालच्या पट्टीवर फायलींची जागा उमटली: युजर्स, विलास, डॉक्युमेंट्स.

वहिनी ती पट्टी बघत राहिल्या.

‘हे मी नाई लिवलं,’ त्या म्हणाल्या. ‘मी फक्त इचारलं.’

मग त्यांनी प्रोग्राम बंद केला, पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि देवरीपासून सुरुवात करा म्हणाल्या.