फक्त पाण्यात उतरणाऱ्यांनी भरावा

सावळाराम कोकरेचा अर्ज मी भरला, आणि सावळाराम घरी बसला. खरी हकीकत एवढीच. पण एवढ्यावर थांबलो तर माझा गुन्हा फारच लहान दिसेल, म्हणून सगळं सांगतो.

मी मास्तर. छत्तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट बजावत आलो, की पेपरात जागा कोरी सोडायची नाही. येत असेल ते लिहा, येत नसेल तर आठवेल ते लिहा, पण कोरं दिसता कामा नये. माझ्या कित्येक पोरांनी अफजलखानाच्या वधाखाली गायीचा निबंध लिहिला, पण जागा भरली. निवृत्त झाल्यावर केडगाव ते भांडगाव पट्ट्यातल्या लोकांनी मला अर्जांना जुंपलं. रेशनकार्डात नाव चढवायचंय, चला गुरुजींकडे. पोरीचा बायोडाटा करायचाय, चला गुरुजींकडे. मी केलेल्या बायोडाट्यांवर जमलेली लग्नं अजून टिकून आहेत. आत कुणी सुखी आहे का, ते मी विचारायला जात नाही.

तर सावळारामही त्याच वाटेनं आला. कधीकाळी माझ्याच वर्गात, सातवीत दोनदा बसलेला. उंच, काळासावळा, बोलणं मोजकं. कामाला मात्र मालदीवला, बोटीवर. ही बोट माणसं इकडून तिकडं नेणारी नव्हे. पाहुणे तिच्यावरच राहतात, जेवतात, झोपतात. आठवडाभर ती बेटाबेटांतून हिंडते, आणि पाहुणे दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात, मासे बघून वर येतात, चहा पितात आणि पुन्हा उतरतात. त्या टाक्यांत हवा भरायचं काम सावळारामचं. अकरा वर्षं.

धनगराचं पोर समुद्रावर कसं गेलं? आज्जाची मेंढरं होती, बापानं ती विकून कालव्याखाली जमीन केली, आणि सावळाराम विहिरींत वाढला. पाठीला डबा बांधून पोहायला शिकला आणि आठ दिवसांत डबा फेकून दिला. कुणाची मोटर विहिरीत पडली, कुणाची कळशी बुडाली, की सावळारामला हाक. एक दम घेऊन तळ गाठायचा, दोरी बांधून वर यायचा. पुढे शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर लागला. तिथल्या एका केरळी मित्रानं सांगितलं, की अशा अशा बोटी असतात, त्यांना कॉम्प्रेसर कळणारा माणूस लागतो आणि पाण्याला भिणारा चालत नाही. सावळारामनं घरी येऊन चांगुणाला सांगितलं. चांगुणा म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, "हवा भराया इतक्या लांब? हितं काय सायकली कमी हायत्या का?"

पण गेला. आणि तिथं जे काम केलं, ते मी त्याच्याच तोंडून तुकड्यातुकड्यानं ऐकलंय. मे ते जुलै तिकडे समुद्र खवळतो, बोट बंद असते. तेव्हा तो गावी यायचा, संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायचा.

"गुरुजी, ती हवा माणूस खाली जाऊन खातो," तो म्हणायचा. "कॉम्प्रेसरचं नळकांडं इंजिनाच्या धुराकडं झालं, तर धूर टाकीत जातो. माणूस खालीच झोपतो. म्हून वारं फिरलं का नळकांडं फिरवायचं. आन् टाकी भरली का थोडी सोडून वास घ्यायचा."

"प्रत्येक टाकीचा?"

"आता कोंची वाईट हाय ते टाकी थोडीच सांगती?"

दुसरं काम मोजायचं. पाहुणे पाण्यात गेले की सावळाराम छोट्या होडीत बसून त्यांची वाट बघायचा, आणि डोकी वर आली की मोजायचा. इतर लोक एक, दोन, तीन असं मोजायचे. हा जोडीनं मोजायचा. "आज्जा सांगायचा, मेंढरं सुटी मोजायची न्हाईत, जोडीनं मोजायची. एकटं दिसलं का समजायचं, दुसरं मागं ऱ्हायलं." पाण्यातही माणसं जोडीनंच उतरतात म्हणे. एकदा कागदावर सोळा जणांच्या खुणा झाल्या, बोट निघाली, आणि हा अडून बसला. एक बाई एकटी बसलीय, हिची जोडी कुठाय? जोडीदारीण पाण्याच्या ओढीनं पार पलीकडे वाहत गेली होती. मागं वळून शोधली तर केशरी फुगा धरून तरंगत होती. तेव्हापासून कप्तान कागद बाजूला ठेवायचा आणि आधी सावळारामकडे बघायचा.

हातात काम नसलं की तिथला गाईड त्यालाही कधीकधी खाली न्यायचा. खाली काय दिसतं, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "घोंगडी उडत्यात."

पंख्यासारख्या अंगाचा एक मोठा मासा असतो, त्याच्याबद्दल तो बोलत होता. काळा, पोटाला पांढरा, घोंगडी झटकावी तसा पाण्यातून जाणारा. खडकापाशी येऊन थांबतो, आणि छोटे मासे त्याचं अंग साफ करतात. "हजामतीला बसल्यावानी बसतो गुरुजी. डोळा आपल्याकडं असतो. भ्यात न्हाई. आपुन बी भ्यायचं न्हाई." एवढं लांब वाक्य सातवीच्या तोंडी परीक्षेत बोलला असता तर मी त्याला एका दमात पास केला असता.

मागच्या डिसेंबरात एका पाहुण्याचा टॉर्च होडीतून पाण्यात पडला. सावळारामला सर्दी होती. सर्दीत खोल जायचं नाही, हे तिथं सगळ्यांना पाठ असतं. पण विहिरीतली मोटर काढणाऱ्याला टॉर्च तळाशी दिसत असताना गप्प बसवत नाही. गेला, टॉर्च काढला, आणि उजव्या कानाचा पडदा फाटला. एवढी मोठी बाई त्यानं शोधली तेव्हा केसालाही धक्का नाही, आणि कान गेला तो टॉर्चपायी. सुट्टीत आला तेव्हा शिरूरच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पडदा भरून आलाय, कामाला जा, पण खोल पाण्यात उतरू नका. त्यालाही उतरायचं नव्हतंच. त्याला फक्त टाक्या भरायच्या होत्या आणि होडीत बसून डोकी मोजायची होती.

आणि चांगुणाला न्यायचं होतं. अकरा वर्षं झाली म्हणून कप्तानानं कबूल केलं होतं, की येत्या मोसमाच्या शेवटच्या फेरीला बायकोला आण. चांगुणानं समुद्र बघितलेला नाही. पासपोर्ट निघाला. पोलीस घरी चौकशीला आले तेव्हा तिनं त्यांना चहा देऊन विचारलं, "मासे बघाया बी परवानगी लागती व्हय?" मग सावळारामनं तिला गोठ्यापुढच्या हौदात शिकवायला घेतलं. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, अंगावर लुगडं, आणि कडेला म्हैस पाण्यासाठी खोळंबलेली. चांगुणा डोकं वर काढायची.

"काय दिसलं?"

"शेवाळ. आन् म्हशीचं नाक."

"दम सोडू नको. सावकाश घे."

"आवं, मी काय फुगा हाय का? आन् ती घोंगडी कवा दिसायची?"

"हौदात कुठनं दिसंल? एप्रिलात दिसंल."

मी त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून हे बघत होतो, आणि हसून हसून माझा चहा सांडला. आठ दिवसांनी तो अर्ज घेऊन आला.

दर मोसमाला कंपनी अर्ज भरून घेते, यंदा तो नव्या नमुन्याचा होता. पहिल्या भागात नाव, वय, काम. मी लिहिलं: कॉम्प्रेसर चालक. दुसऱ्या भागाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की हा भाग फक्त पाण्यात उतरणाऱ्यांनी भरावा. खाली पंचवीसेक प्रश्न. हृदय, दमा, फिट, कान.

"ते आपल्याला न्हाई गुरुजी," सावळाराम म्हणाला. "म्या होडीत बसनार. खाली सही टाकू."

मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. कोरं पान बघून माझ्या हाताला कसंतरीच व्हायला लागलं होतं.

"तू पाण्यात उतरत नाहीस?"

"कवातरी उतरतो. आता उतरायचं न्हाई."

"पण उतरलायस ना? मग? स्वतःला कमी का लेखतोस?"

तो गप्प बसला. मास्तरांपुढे गप्प बसायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी तेवढं एक तो विसरला असता तर.

मी सगळे प्रश्न भरले. हृदय नाही, दमा नाही, फिट नाही. कानाला कधी दुखापत? होय. पुढे रेघ आखलेली होती, आणि रेघ मला सोडवत नाही. मी माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत लिहिलं, की पाहुण्याच्या मालमत्तेचं रक्षण करताना खोल समुद्रात यांच्या कानाचा पडदा फुटला. 'रक्षण' या शब्दावर मी खूश होतो. वाटलं, वाचून कंपनी बक्षीस देईल. बायोडाट्याची सवय, दुसरं काय.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी. अर्जदार पाण्यात उतरतात आणि त्यांचा पडदा फुटलेला आहे, तेव्हा विम्याच्या नियमाप्रमाणे त्यांना बोटीवर कुठल्याही कामावर ठेवता येणार नाही. हे त्याला मीच वाचून दाखवलं. इंग्रजी मलाच येतं, निदान गावाचा तसा समज आहे.

सावळारामनं विचारलं, "म्हंजी होडीत बी न्हाई?"

"कुठल्याही कामावर, असं लिहिलंय."

तेवढ्यात कप्तानाचा फोन आला. सावळारामनं मोठ्या आवाजावर लावला. कप्तान चिडलेला कमी आणि रडवेला जास्त होता. विमावाल्यांच्या कॉम्प्युटरात एकदा चढलं की आता कुणाच्या बापाला ते पुसता येत नाही, असं सांगत होता. मग त्यानं विचारलं, "सावला, फॉर्म में ये कान का लिखा किसने?"

सावळारामनं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पेनाचं टोपण लावत होतो. ते काही केल्या बसत नव्हतं.

"मैंने लिखा, कप्तान."

"क्यों लिखा?"

"गलती हुआ."

त्यानंतर मी सात अर्ज केले. कंपनीला, विमावाल्यांना, आणखी कुणाकुणाला. डॉक्टरांचा दाखला जोडला. माझी चूक कबूल केली, दोनदा इंग्रजीत, एकदा हिंदीत. मोसम सुरू झाला, बोट निघाली, टाक्या भरायला दुसरा माणूस आला. सातांपैकी दोन अर्जांची पोच आली. चांगुणाच्या पासपोर्टात एकही शिक्का नाही. तो ट्रंकेत, साड्यांच्या खाली आहे. मुखवटा गोठ्यात खुंटीला, कासऱ्याशेजारी लटकतो. एकदा मी तिला भीतभीत म्हणालो, की कोकणात जाऊन समुद्र बघता येईल. ती भाकरी थापत होती. "समुद्र कुणाला बघायचाय गुरुजी?" ती म्हणाली. "ह्ये जिथं ऱ्हात हुते ते बघायचं हुतं."

आता सावळाराम भांडगावच्या फाट्यावर सुदर्शनच्या टायरच्या दुकानात हवा भरतो. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या. बोटीवर हवेच्या दाबाचा काटा तीन हजारावर जायचा, इथं दीडशेच्या आत थांबतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं कॉम्प्रेसरला लांब नळकांडं जोडून वर बांबूला बांधलं, रस्त्याचा धूर आत जाऊ नये म्हणून. सुदर्शननं विचारलं, "टायरला दमा झालाय का रं?" सावळारामनं बांबूची गाठ आवळली. अजूनही हवा भरण्याआधी तो पाइप तळहातावर जरासा सोडतो आणि नाकाशी नेतो. ट्रकवाले हसतात. मी हे रस्त्याच्या पलीकडून बघतो.

रोज कशाला बघायला जातो? मला त्याच्या तोंडून एक शब्द हवाय. गाव म्हणतं, गुरुजी, तुम्ही भल्यासाठीच केलं. माझी बायको म्हणते, झालं गेलं. सावळाराम मात्र काहीच म्हणत नाही. आजवर कितीदा तरी विचारलं, की कसं काय. दर वेळी "बरं हाय गुरुजी." मग जाण्याला निमित्त म्हणून मी फाट्याच्या अलीकडे, बाभळीखाली थांबतो, काडीनं स्कूटरच्या चाकाची हवा थोडी सोडतो आणि दुकानात जातो.

काल तसाच गेलो. त्यानं काटा लावला, बघितला. तळहातावर हवा सोडली, हुंगली आणि चाकाला लावली.

"गुरुजी," खाली बघतच तो म्हणाला, "ट्यूब चांगली हाय. वॉल्व बी चांगला हाय. कुणीतरी हवा सोडतंय."

मागं एक उसाचा ट्रॅक्टर उभा होता, त्याचा भोंगा चालू होता. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"सावळाराम, कप्तानाला तू माझं नाव सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस ते विचारत नाही. पण खरं सांग. माझ्यावर राग आहे का तुझा?"

त्यानं पाइप काढला, वॉल्ववर टोपण घट्ट बसवलं आणि उठून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"हाय गुरुजी, आन् ऱ्हानार."