येईल म्हणणारा वादिराज

४ डिसेंबर २०२३. रुपये १८,७५०. माझी मुलगी विनुता हिच्या स्कीइंग शिबिराची फी मी त्या दिवशी भरली. हिमाचलातलं हे शिबिर १७ जानेवारीला सुरू होणार होतं. स्की तिथे मिळणार होत्या. बर्फातली विजार, हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे हवेत, नाहीतर प्रवेश नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

तंजावुरात हे सामान शोधायला मी, माझी बायको आणि विनुता असे आम्ही तिघं निघालो. एकाने मोटारसायकलचे हातमोजे दाखवले, दुसऱ्याने रेनकोट. शेवटी वादिराजाकडे गेलो.

वादिराज राजवाड्यामागच्या गल्लीतला, आपल्यातलाच, तंजावुरचा मराठी. चाळीस वर्षं त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. कॅरमबोर्ड, शटल, सिलंबमच्या, म्हणजे इकडच्या लाठीच्या खेळाच्या काठ्या. गरीब शाळांना व्हॉलीबॉलची जाळी फुकट देणारा माणूस. त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं की गल्ल्यावर बसून ‘इल्लै’, म्हणजे ‘नाही’, म्हणू नये, लक्ष्मी उठून जाते. म्हणून माल नसला की तो ‘येईल’ म्हणतो. गिऱ्हाईकही समजून दुसरीकडे जातं. आम्हाला दुसरीकडे जायला दुकान नव्हतं.

विनुता सामान फोनवरून ऑनलाइन मागवणार होती. आठ-दहा दिवसांत घरी आलं असतं.

“फोनवर कशाला ग? विजार अंगाला लावून बघायला नको?” वादिराज म्हणाला. “चेन्नईला सांगितलंय. येईल.”

आपला माणूस देतो म्हणत असताना परक्याकडून घ्यायचं म्हणजे त्याचा अपमान, असं माझ्या बायकोचं, अखिलाचं मत पडलं. विनुता थांबली. दर शुक्रवारी दुकानात जाऊन यायची. वादिराज तिला कॉफी पाजायचा.

८ जानेवारीला तिने त्याला सरळच विचारलं. “मामा, नाही असेल तर नाही म्हणा. मला राग नाही येणार.”

तो कॅरमबोर्ड पुसत राहिला. “पोंगल होऊ दे. येईल.”

तिची गाडी १३ तारखेची, पोंगल १५ला. तिने तिथूनच चेन्नईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, असला माल आम्ही ठेवतच नाही, आणि आम्हाला कुणी विचारलंही नाही. आता मागवलेलं काहीही वेळेत पोचणार नव्हतं. शिबिराच्या कचेरीने मुदत दिली नाही. फीही परत केली नाही.

मी वादिराजाला जाब विचारला. त्याचा चेहरा जराही उतरला नाही.

“इल्लै म्हटलं असतं, तर तुम्ही परत माझ्या दुकानात आला असता का, राव?”

शिबिरातली ती जागा पंचविशीच्या आतल्या मुलींसाठी होती. विनुताचं पंचविसावं वर्ष एप्रिलमध्ये संपलं. आता ती एका शाळेत खेळ शिकवते. शाळेची जाळी वादिराजाकडूनच येतात, आणि ती आणायला ती शिपायाला पाठवते.

गाडीचं तिकीट राममूर्ती एजंटाने रद्द करून दिलं. त्याचे ऐंशी रुपये मी अजून द्यायचे आहेत.