स्क्रीनखाली गेलेला फॅट

उंब्रजच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं तोंड कारकुनाकडं नव्हतं, दूध घालणाऱ्या बायांकडं होतं. ही अट शकिलाची. अल्लाबक्ष टेलरची ही थोरली लेक सांगलीच्या क्लासात प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि डेअरीचा प्रोग्रॅम तिनंच लिहिला. बाईनं किटली ओतावी, मशीननं दुधातल्या स्निग्धांशाचा म्हणजे फॅटचा आकडा काढावा, अर्जुना कारकुनानं तो टाइप करावा आणि बाईनं आपल्या डोळ्यांनी आकडा बघून घरी जावं. म्हशीचं शेण जिनं काढलं, तिला दुधाचा कस दुसऱ्याच्या तोंडून का कळावा?

पण सांगलीत प्रोग्रॅम लिहिताना शकिला स्क्रीनला नाक लावून बसायची, बारीक अक्षरंही तिला दिसायची. इथं बाया काउंटरच्या गजाआड, लांब उभ्या.

"मुंग्या फिरल्यागत दिसतंय," भामाबाई म्हणाली. साक्षरतेच्या वर्गात ती नुकतीच आकडे शिकली होती, आणि नव्यानं शिकलेल्या माणसाची वाचायची भूक मोठी असते.

अर्जुनानं कॉम्प्युटरच्या सेटिंगमधे मोठी अक्षरं निवडली. अक्षरं फुगली, त्यांच्यासंगं अख्खी विंडो फुगली. स्क्रीन मात्र होती तेवढीच राहिली. वरचं डेअरीचं नाव, गणपतीचं चित्र, चेअरमनचं नाव झोकात दिसायला लागलं. तळाचा फॅटचा रकाना पार स्क्रीनखाली गेला.

चेअरमन आप्पासाहेब वैतागले. "अर्जुना, कर अक्षर पयल्यासारखं बारीक. आन स्क्रीन फिरव तुज्याकडं. तू वाचून सांगत जा."

"आवं, मग ह्यो डबा आणला कशाला?" भामाबाई फणकारली. "आदीबी त्यो सांगायचा आन आमी मान हलवायचो. नंदीबैल हाय का आमी?"

शकिला पुढं झाली. "आप्पा, उद्या सकाळच्या दुधापातूर थांबा. न्हाई जमलं तर मीच फिरवते स्क्रीन."

बाया पांगल्या. अर्जुना कॅन धुवायला लागला आणि शकिला कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं प्रोग्रॅमला नवी शिस्त लावली: उघडल्याबरोबर आधी स्क्रीन मापायची, मग त्या हिशेबानं सगळं लहान करायचं. चालवून बघितलं, तर फॅटचा रकाना वर आला.

"बसलं की मापात!" अर्जुना खूश झाला.

शकिला गजाबाहेर गेली. भामाबाई उभी राहते तिथं उभी राहिली. पुन्हा मुंग्याच.

"बसलं रं, पण दिसतंय कुठं?"

ती तिथंच गज धरून राहिली. अब्बांचं दुकान तिच्या डोळ्यांपुढं आलं. कापड कमी पडलं तर अब्बा गिऱ्हाइकाची छाती आवळत नसत. खिसा सोडायचे, कॉलर साधी करायचे. अंगाला लागणारं माप मात्र पुरं ठेवायचे.

ती आत आली आणि कात्री चालवायला लागली. गणपतीचं चित्र काढलं. पत्ता काढला. आप्पासाहेबांचं नाव काढलं.

"ताई, ते नगं," अर्जुनाच्या हातातला कॅन निसटता निसटता राहिला.

"मागच्या विंडोत ठेवलंय. बटण दाबलं की दिसतंय."

पुढं उरले तीनच रकाने: सभासदाचा नंबर, लिटर, फॅट. एकेकाला तिनं स्क्रीनचा वाटा नेमून दिला आणि फॅट तळाच्या कडेपासून मोजून बसवला, म्हणजे अक्षर कितीही वाढो, तो खाली घसरणार नाही. मोठी अक्षरं लावली, बारीक लावली, पुन्हा मोठी लावली. दर खेपेला बाहेर जाऊन बघितलं.

सकाळी आप्पासाहेब स्क्रीन न्याहाळत राहिले. "माजं नाव कुठं गेलं गं?"

"आत हाय आप्पा, सुखरूप."

रांग खुदकन हसली. भामाबाईनं किटली ओतली. अर्जुनानं आकडा टाइप केला. गजाआडून, डोळे बारीक न करता, तिनं मोठ्यांदा वाचलं, "सहा… टिंब… एक." मग एकदम कमरेवर हात. "सहा-एक? काल तर तू सात सांगितलं हुतंस. मशीन धुतलंस का रं?"

अर्जुनानं मशीन धुतलं, नमुना पुन्हा घातला. रांग थांबली. आकडा आला तोच.

"मग बरोबर हाय," भामाबाई म्हणाली. "म्हशीची पेंड संपलीया घरातली." आणि रिकामी किटली उचलून चालायला लागली.

"आता रोज प्रत्येक बाई असाच घोळ घालणार," आप्पासाहेब कुरकुरले.

"व्हय आप्पा," शकिला म्हणाली आणि पुढच्या रंगुबाईला नीट दिसावं म्हणून स्क्रीन तिनं आणखी जराशी गजाकडं सरकवली.