जोडमियाँची मोजणी

लोक वस्तूचे तुकडे मोजतात. जोडमियाँ जोड मोजत. दोन तुकड्यांची मासे धरायची छडी त्यांच्या लेखी ‘एक जोडाची’, तीन तुकड्यांची ‘दोन जोडाची’. चार तुकड्यांची असली की ‘तीन जोड’ म्हणताना ते असं तोंड करत, की गिऱ्हाईकाला आपलंच काही चुकलं असं वाटावं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. औरंगाबादच्या छावणीच्या बाजारात ते कुणालाच ठाऊक नसावं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. छावणीतले गोरे अधिकारी आणि त्यांचं पाहून आपले काही इंजिनिअर, मुन्सफ रविवारी तलावावर जात. गांडूळ लावून मासे धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. कोंबडीच्या पिसांची खोटी माशी गळाला बांधून ती पाण्यावर अलगद टाकायची, असा त्यांचा शौक. त्यासाठी बांबूच्या चिपा चिकटवून केलेल्या विलायती छड्या येत. तुकडे पितळी नळीने एकात एक बसत. नळ्या सैल पडल्या किंवा छडी मोडली की ती मियाँकडे येई. नळी बसवण्याआधी ते ती नाकाच्या बाजूला घासत. नाकाच्या तेलाइतकं हलकं तेल बाजारात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कुणी नवी छडी घ्यायची म्हणून सल्ला विचारला, तर मियाँ माशांची चौकशी करत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, “बदलीची नोकरी हाय का?” बंगला बांधून राहिलेल्याला एक जोड. टांग्याने हिंडणाऱ्याला दोन. दर दोन वर्षांनी बिस्तरा गुंडाळणाऱ्याला तीन जोड, मग तो कितीही मोठा साहेब असो. जोड जितके कमी तितकी छडी सलग लवते, हे खरं; पण लांब तुकडे मोटारीत आणि रेल्वेत मोडतात, हेही खरं.

एका इंजिनिअरसाहेबांना हे पटलं नाही. त्यांना एक जोडाचीच हवी होती. मियाँ एवढंच म्हणाले, “छडी बराबर हाय साहेब, नोकरी बराबर नाय.” वर्षभरात त्या छडीचं टोक रेल्वेच्या डब्याच्या दारात सापडून मोडलं. साहेब ती घेऊन आले तेव्हा मियाँनी अवाक्षर काढलं नाही. नळी नाकाला घासली आणि कामाला लागले. साहेबांना चार शब्द ऐकून घेणं सोपं गेलं असतं.

मी करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, कारकून होतो. मियाँना उर्दू येई, इंग्रजी येत नसे. माझं मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी त्यांच्या उपयोगी पडे. मुंबईच्या दुकानदाराला नळ्यांसाठी पत्रं मीच लिहायचो. त्या बदल्यात चहा आणि बसायला स्टूल. माझ्यापेक्षा दुपटीने मोठा असा हा एकच मित्र मला होता.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या छड्या दुरुस्त केलेल्या या माणसाकडे स्वतःची विलायती छडी नव्हती. बीबी वारल्या, डोळे अधू झाले, तेव्हा लेकीने हैदराबादला बोलावलं. जायचं ठरल्यावर त्यांनी स्वतःसाठी छडी मागवायची ठरवली. आणि महिनाभर त्यांचं ठरेना. शेवटी म्हणाले, “एक जोड एका गावात राहणाऱ्याचा. तीन जोड बदलीवाल्याचे. मला एकदाच जायचंय, कारकूनसाब. दोन लिवा.”

मी इंग्रजीत ‘टू जॉइंट’ असं लिहिलं. छड्यांच्या धंद्यात साहेब लोक तुकड्यालाच जॉइंट म्हणतात, हे माझ्या मॅट्रिकला कुठून ठाऊक असणार? तीन महिन्यांनी पार्सल आलं. मियाँनी कागद सोडला, छडीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, “एक.” त्यांनी आधीच शिवून घेतलेल्या पिशवीतून ती हातभर बाहेर राहत होती. जावई न्यायला आलेले, तीन दिवसांनी निघायचं. परत पाठवायला वेळ नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, तुम्ही तर उस्ताद, कापून एक जोड घाला. ते म्हणाले, “मोडलेल्याला जोड लावला जिंदगीभर. धड असलेल्याला आरी नाय लावली.”

संध्याकाळी आम्ही हर्सूलच्या तलावावर गेलो. मियाँना छडी फेकताना मी प्रथमच पाहिलं. मुळापासून टोकापर्यंत ती एका ओढीने लवत होती. मासा लागला नाही. त्यांनी दोरी गुंडाळली आणि छडी माझ्या हातात दिली.

“तुमी हितंच राहणार. ही बी राहू द्या.”

मी म्हटलं, “मियाँ, माझीही नोकरी बदलीचीच आहे.”

सगळ्या जगाला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने मला तो कधीच विचारला नव्हता. त्यांनी माझ्या हातातल्या छडीची जाडी बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाले, बदली आली की कळवा, जोड पाठवतो.

दीड वर्षाने नांदेडचा हुकूम आला. मी हैदराबादला पत्र टाकलं, या खेपेला उर्दूत. उत्तर त्यांच्या लेकीचं आलं. अब्बा पावसाळ्याआधीच गेले होते. पत्राबरोबर चिंधीत बांधलेला पितळी नळीचा जोड होता, माझ्या छडीच्या मापाचा. हैदराबादला पोचल्यावर पहिल्याच महिन्यात, दिसत नसताना, बोटांनी चाचपत त्यांनी तो घडवला होता. लेकीने लिहिलं होतं, ‘अब्बा सांगून गेले, कारकूनसाब मागतील तेव्हा द्यायचा. मागितला नाही, तर समजायचं ते अजून औरंगाबादेतच आहेत, खुशीत आहेत.’

मी तो मागून बसलो होतो. पत्र हातात धरून मी रडलो. नांदेडला जाताना छडी रेल्वेच्या डब्यात मांडीवर आडवी धरली, लोकांची बोलणी खाल्ली. पुढच्या सगळ्या बदल्यांत तेच केलं. जोड माझ्यापाशी आहे. आरी लावायला हात कधी धजला नाही.