फख्री खानूमचं पहिलं 'नको'

इराणमधल्या रश्त शहरात लग्नाचा झगा शिवायचा म्हटलं की बायका फख्री खानूमचं, म्हणजे फख्रीबाईंचं, दार ठोठावतात. बावन्न वर्षांची, ओठांत टाचण्या धरूनही अखंड बोलणारी बाई. गल्लीतल्या निम्म्या नाकांसारखं तिचंही नाक तिशीत शस्त्रक्रियेने घडवून घेतलेलं. नाकावरची पट्टी दहा दिवसांत काढा, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फख्रीने ती महिनाभर मिरवली.

पट्टी निघाली आणि पंचाईत कळली. शेंडा झकास वर गेला होता, पण दोन नाकपुड्यांच्या मधला दांडा, ज्याला डॉक्टरलोक कॉल्युमेला म्हणतात, तो खालीच लोंबत राहिला. समोरून काही कळत नसे. पण शिवणारी बाई दिवसभर वाकलेली, गिऱ्हाइकाला दिसणार ती बाजूनेच. आणि बाजूने पाहणाऱ्याला वाटे, हिच्या नाकातून आता थेंब पडणार. बावीस वर्षं नवऱ्या मुली तिच्यापुढे कागदी रुमाल धरत आल्या. काही जणी तर घाबरून झगाच मागे ओढत.

"या वयात कोण बघतंय गं तुझं नाक?" बहीण इशरत म्हणाली.

"गिऱ्हाईक बघतं. झगा वाचवायला बघतं!"

तर फख्री गेली डॉक्टर कियानफर यांच्याकडे. ते बारा वर्षांनी जर्मनीहून परतलेले. हात सोन्याचा, पण समोरच्याचं बोलणं शब्दशः घेणारे. दवाखान्यात चहा एकदाच विचारायचे, आणि पाहुणा 'नको' म्हणाला की खरंच द्यायचे नाहीत.

भूल फक्त नाकापुरती होती. डॉक्टरांनी आतल्या पडद्याच्या कडेची कूर्चेची अरुंद पट्टी कापली, दांडा वर सरकवला, एका टाक्यावर तात्पुरता धरला आणि आरसा दिला.

"अजून थोडा वर घेऊ, फख्री खानूम?"

फख्रीने पाहिलं. निम्मं काम झालं होतं. निम्मा दांडा अजून लोंबतच होता.

"नको नको डॉक्टर, किती त्रास देऊ तुम्हाला! छान झालंय की. हात दुखले असतील तुमचे."

आता यावर समोरच्याने 'त्रास कसला, सांगा ना' म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा 'नको' म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला 'तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' करत हवं ते मागायचं. रश्तमध्ये चहाबरोबरचा साधा साखरेचा खडाही कुणी पहिल्या झटक्यात उचलत नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई मागितली.

फख्रीने नर्स मोलूककडे डोळे मोठे करून पाहिलं. मोलूक खोकली. "डॉक्टर, त्यांनी पहिलंच 'नको' म्हटलंय."

"हो, ऐकलं मी."

सुई जवळ आली. आता साठी-पासष्टी गाठेपर्यंत तेच कागदी रुमाल, त्याच ओढलेल्या झालरी. जन्मात कधी पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणाली नव्हती ती. सासरी पहिल्या दिवशी त्यापायी उपाशी झोपली होती.

"हवं!" ती ओरडली. "अजून वर हवं! दोन मिलिमीटर!"

डॉक्टरांचा हात थांबला. "मग नको का म्हणालात?"

"मग काय म्हणू? लाजबिज आहे की नाही मला!"

मोलूकला हसू आवरेना, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी टाका सोडला, कडेची आणखी एक चिंधी कापली, दांडा वर घेतला, धरला आणि पुन्हा आरसा दिला. फख्रीने एक डोळा मिटला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"झालं ना, जान?" मोलूकने विचारलं.

"डावीकडे केसभर खाली आहे."

"सूज असेल ती," डॉक्टर म्हणाले.

"सूज नाही. टाका तिरका पडलाय तुमचा."

डॉक्टर वाकले, दिवा जवळ ओढला, बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने चिमटा उचलला आणि टाका उसवला.