फेब्रुवारीतला उपचार

"चुंबकच का, नेलिदा? तुमचे वडील खलाशी. होकायंत्रातही चुंबक असतं."

"डॉक्टर, अकरा दिवस मी केस धुतलेले नाहीत. अंथरुणातून उठवतच नाही."

"अकराच का?"

नेलिदा ओयार्सुन शाळेत भूगोल शिकवते. ब्वेनोस आयरेसच्या रीतीप्रमाणे गेली एकोणीस वर्षं दर मंगळवारी ती मनोविश्लेषक डॉक्टर फुर्मान यांच्या कोचावर आडवी होऊन मन मोकळं करते. याच कोचावर तिनं वडिलांना माफ केलं, नवऱ्याला सोडलं; उदासी तेवढी हलली नाही. आता इस्पितळात डोक्याला चुंबकाचे ठोके देतात, रोज थोडा वेळ, सहा आठवडे. तिला सोमवारपासूनची वेळ मिळतेय.

"गुण येईलच असं नाही म्हणाले. पण करून बघावं म्हणते."

"ही मला सोडून जायची इच्छा आहे. मार्चमध्ये बोलू."

"आणि फेब्रुवारीभर मी काय करू?"

"फेब्रुवारीत मी उन्हाळ्याच्या सुट्टीला समुद्रावर असतो, माहीत आहे तुम्हाला. ही घाई हेच तर तुमचं लक्षण आहे."

"एकोणीस वर्षांनी घाई?"

डॉक्टरांनी ते वहीत टिपलं. नेलिदा उठली, तिनं पर्स उचलली.

"कुठे निघालात? अजून सात मिनिटं आहेत तुमची."

दार हळूच लोटून ती बाहेर पडली.