आत्याचा आवाज किती जीबीचा

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा सगळं पुसलं. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून दुसरं काही सुचत नाहीये, चुका होतील, सांभाळून घ्या.

आत आत्या आहे. माझ्या बाबांची धाकटी बहीण. बसस्थानकावर माइकवरून गाड्या सांगते ती, मी शाळेतही जात नव्हते तेव्हापासून. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं म्हणून ती आम्हाला जेवायलाही बोलावते. तिच्या घशात गाठ आहे. आज डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार. नंतर ती जे टाइप करेल ते एक यंत्र बोलेल, तिच्याच आवाजात, पण त्यासाठी आवाज आधी भरून ठेवायला लागतो. दवाखान्यानं त्यासाठी रेकॉर्डर दिला होता, सोळा जीबीचा. आज सकाळी परत करायचा होता.

आतोबा, म्हणजे आत्याचे मिस्टर, घड्याळं दुरुस्त करतात. मुळात घाबरट माणूस. रेकॉर्डर सेकंदाला चौदाशे किलोबिट खातो असं वाचलं, त्या आकड्यानं सोळा जीबीला भागलं आणि जाहीर केलं, "तीन तास. वर एक शब्द नाही."

झालं! घरात आवाजाचं रेशनिंग. आत्या बोलणार, आतोबा घड्याळ धरून बसणार.

"हसू नकोस, जागा जाते."

"अहो, मग भांडू कधी?"

"भांडण नंतर."

"नंतर कुठल्या तोंडानं?" म्हणून ती परत हसली, आणि आतोबांनी पटकन बटण बंद केलं. 'अहो' एकदाच घेतलं. एकदा घेतलं की पुरे, म्हणे.

काल दुपारी मी सहज स्क्रीन बघितली. दोन तास भरून झाले होते, म्हणजे दहा जीबी तरी जायला हवे होते ना? गेले होते सव्वा.

"आतोबा, हे भरलंच नाहीये!"

त्यांनी रेकॉर्डर कानाशी धरून हलवून बघितला. आत्याचा घसा तोवर पार बसला होता, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून बजावलेलं. सगळं परत कसं बोलणार? मी घाईघाईनं सुरुवातीपासून लावलं. होतं. मधलं लावलं, होतं. शेवटचंही होतं! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बिट! आठ बिटांचा एक बाइट होतो, आणि जागा मोजतात बाइटमध्ये. आतोबांचं आठनं भागायचंच राहिलं होतं. जागा तीन नाही, पंचवीस तासांची होती.

मला वाटलं, सुटलो. पण आतोबा अजूनच पांढरे पडले.

"तेवीस तास रिकामे आहेत," ते म्हणाले. "आणि मी हिला हसू दिलं नाही."

आत्यानं त्यांच्या हातातून रेकॉर्डर काढून घेतला.

"अहो. हे चहा झाल्याचं." मग, "अहो! हे किल्ल्या विसरल्याचं." मग दात आवळून, "अहो... हे पाहुण्यांसमोर गप्प बसा म्हणायचं."

मग एक अगदी हळू म्हणाली. ते कशाचं ते सांगितलं नाही. आतोबांनीही विचारलं नाही.

नंतर खोकला लागला. तोंड हलत होतं, बाहेर नुसता वारा. जागा ढीगभर उरली, आवाज संपला.

सकाळी रेकॉर्डर परत देताना आतोबांची मूठ सुटेना, नर्सताईंना बोटं सोडवावी लागली. आता ते शेजारी बसलेत. दर थोड्या वेळानं विचारतात, "त्यातलं काही पुसलं नाही ना जाणार गं?" मी नाही म्हणते. मला काय माहीत? दारावरचा लाल दिवा अजून चालूच आहे, आणि मला जाम भीती वाटतेय.

तुम्हाला हाक मारणारं जे कोणी आहे ना, त्यांच्याकडे जा. फोन नका करू. जाऊन समोर बसा, त्यांना हसू द्या, तुमच्याशी भांडू द्या. याच आठवड्यात जा, प्लीज.